जेसन नेमकं कुठे तुटतं? स्टोअर्ड प्रोसिजरमधल्या चुका शोधताना

सकाळी साडेसातला एका गावातल्या दूध संस्थेच्या सचिवांचा फोन आला. "ताई, काल सांजच्याला आमच्या गावचं दूधच चढलं नाही बघा. हितं मशिनवर सगळं दिसतंय, पावत्या निघाल्यात. तुमच्याकडं मात्र शून्य लिटर."

दूध संकलनाच्या एका सॉफ्टवेअरचं डेटाबेसचं काम तेव्हा माझ्याकडे होतं. केंद्रावर सत्र संपलं की सगळ्या सभासदांच्या नोंदी एका जेसन मजकुरात बांधून सर्व्हरकडे यायच्या. तिथली स्टोअर्ड प्रोसिजर तो मजकूर सोडवून टेबलात ओळी भरायची आणि दर दहा दिवसांनी त्यावरून बिलं निघायची. त्या दिवशी बाकी सगळी गावं व्यवस्थित आली होती. हे गावही सहा महिने रोज येत होतं. एरर मात्र कुठेच नव्हती. प्रोसिजरने "काम झालं" असंच कळवलं होतं.

जेसनच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त धास्ती याच प्रकाराची वाटते. एरर आली तर शोधता येते. काहीच न बोलता माहिती गळाली, तर ती गळाल्याचं कुणीतरी फोन करेपर्यंत कळतच नाही. म्हणून एररचा अर्थ कसा लावायचा हे या लेखात आहेच, पण न येणाऱ्या एररबद्दल त्याहून जास्त लिहिलं आहे.

आधी दोन शब्द ओळखीचे करून घेऊ. जेसन म्हणजे माहिती लिहून पाठवायची एक ठरलेली पद्धत. महिरपी कंसात नाव आणि मूल्य यांच्या जोड्या, चौकोनी कंसात यादी. आमच्या केंद्राचा मजकूर साधारण असा असायचा:

{"केंद्र": "क-17", "सत्र": "सायंकाळ", "नोंदी": [
  {"सभासद": 114, "नाव": "सखाराम", "लिटर": 6.5, "फॅट": 4.2},
  {"सभासद": 115, "नाव": "अनुसया", "लिटर": 3, "फॅट": 6.8}
]}

जोडीतल्या डावीकडच्या नावाला 'की' म्हणतात. इथे ती मराठीत लिहिली आहेत ती वाचायला सोपी जावीत म्हणून. खऱ्या कामात ती रोमन लिपीत ठेवावीत, का ते पुढे येईल. आकडे मात्र मुद्दाम इंग्रजी ठेवले आहेत. जेसनच्या नियमात संख्या फक्त 0 ते 9 या आकड्यांनी लिहिता येते. अवतरणचिन्हांशिवाय ६.५ असं लिहिलं की तो मजकूर जेसन राहत नाही.

स्टोअर्ड प्रोसिजर म्हणजे डेटाबेसच्या आतच साठवलेला, नावाने हाक मारून चालवता येणारा आज्ञांचा संच. माझी उदाहरणं मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसची आहेत. त्यात जेसन वाचायची सोय २०१६ च्या आवृत्तीपासून आली. तिथे जेसन आजही बहुतेक ठिकाणी साध्या लांब मजकुराच्या रूपातच ठेवलेलं असतं. त्यामुळे मजकुराच्या बाबतीत जे जे बिघडू शकतं, ते सगळं जेसनच्याही वाट्याला येतं.

चूक शोधताना मी तीन प्रश्न विचारते, आणि क्रम बदलत नाही. मजकूर अख्खा आणि शुद्ध पोचला का? हवी ती गोष्ट काढायला दिलेली वाट बरोबर आहे का? हाती आलेल्या मजकुराची संख्या किंवा तारीख होताना काही बिघडलं का? पहिल्याचं उत्तर मिळायच्या आत तिसऱ्याच्या मागे लागलं की अख्खा दिवस जातो.

मजकूर अख्खा आहे का?

एसक्यूएल सर्व्हरची या बाबतीतली नेहमीची एरर म्हणजे क्रमांक १३६०९. ती सांगते की जेसन नीट लिहिलेलं नाही, आणि अमुक स्थानावर अमुक अक्षर अनपेक्षित आहे. पुष्कळ जण संदेशाचा पहिला भाग वाचतात आणि पाचशे ओळींचा मजकूर डोळ्यांनी चाळायला घेतात. खरी मदत दुसऱ्या भागात असते. स्थान शून्यापासून मोजलेलं असतं. सबस्ट्रिंग फंक्शनने त्या स्थानाच्या आधीची तीस आणि नंतरची तीस अक्षरं काढा आणि तेवढीच वाचा.

एक लक्षात असू द्या: एरर जिथे दाखवली जाते तिथेच चूक असते असं नाही. दोन जोड्यांमधला स्वल्पविराम राहिला असेल तर बोट पुढच्या अवतरणचिन्हाकडे दाखवलं जातं. यादीच्या शेवटी एक स्वल्पविराम जास्त पडला असेल तर बिचाऱ्या बंद होणाऱ्या चौकोनी कंसावर आळ येतो. म्हणून दाखवलेल्या जागेपासून मागे वाचत जायचं.

नेहमी सापडणाऱ्या गोष्टी थोड्याच आहेत. दुहेरी अवतरणाऐवजी एकेरी अवतरण. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतला डिक्शनरी प्रकार तसाच मजकूर करून पाठवलेला असतो, मग त्यात एकेरी अवतरणं येतात आणि ट्रू, फॉल्स, नन हे शब्द पायथॉनच्या पद्धतीने लिहिलेले असतात. जेसनला ते तसे चालत नाहीत. संख्येच्या आधी शून्य: सभासद क्रमांक 0114 असा अवतरणाशिवाय पाठवला की मजकूर नापास. व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डमधून चिकटवलेल्या मजकुरात सरळ अवतरणांच्या जागी वळणदार अवतरणं येतात, ती डोळ्यांना सारखीच दिसतात.

न दिसणारी अक्षरं जास्त त्रास देतात. समोर मजकूर अगदी बरोबर दिसतो, तरी एरर येतेच. अशा वेळी त्या स्थानावरचं एक अक्षर काढून ते युनिकोड फंक्शनला द्या, ते त्या अक्षराचा क्रमांक सांगतं. ६५२७९ आला तर ती फाइलच्या सुरुवातीला बसणारी बाइट ऑर्डर मार्कची खूण आहे. १६० म्हणजे न तुटणारी मोकळी जागा, वेबपेजवरून उचललेल्या मजकुरात ती हमखास असते. ८२०३ म्हणजे शून्य रुंदीची जागा. जेसनच्या नियमाप्रमाणे भागांच्या मध्ये फक्त चारच प्रकारची मोकळी जागा चालते: स्पेस, टॅब आणि ओळ बदलण्याच्या दोन खुणा. बाकीच्या दिसायला मोकळ्या असल्या तरी चालत नाहीत.

आता त्या गावाकडे येते. आलेला मूळ मजकूर आम्ही कुठेच साठवत नव्हतो. ही आमची पहिली चूक. केंद्रावरच्या संगणकातून तो परत मागवला, प्रोसिजरमधल्या ओळी हाताने एकेक चालवल्या, तर सगळ्या नोंदी छान आल्या. मजकुरात काहीच दोष नव्हता. मग प्रोसिजरच्या आत, अगदी पहिल्या ओळीला, हाती आलेल्या मजकुराची लांबी मोजली. ४००० आली. बरोबर चार हजार.

असा गोल आकडा दिसला की तिथेच थांबायचं. प्रोसिजरचं पॅरामीटर, म्हणजे बाहेरून आलेला मजकूर घेणारी जागा, एनव्हारचार ४००० असं, म्हणजे जास्तीत जास्त चार हजार अक्षरांचं, जाहीर केलेलं होतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये टेबलाच्या कॉलमात मावत नाही एवढा मजकूर भरायला गेलात तर तो अडवतो. प्रोसिजरच्या पॅरामीटरला जास्त लांब मजकूर दिला तर मात्र तो निमूटपणे कापतो आणि उरलेलं टाकून देतो. इशारासुद्धा देत नाही. कापलेल्या जेसनचे कंस बंद होत नाहीत, पुढे ओपनजेसन (जेसन सोडवून त्याच्या ओळी देणारं फंक्शन) त्यावर अडखळतं आणि १३६०९ येते.

पण सहा महिने चाललं ते आदल्याच दिवशी का बिघडलं? त्या गावात पंचेचाळीस सभासद. एक नोंद साधारण ऐंशी अक्षरांची, म्हणजे एकूण ३६०० च्या आसपास. चार हजारांच्या आत. आदल्या दिवशी तिथल्या सचिवांनी सभासदांची नावं इंग्रजीतून मराठीत करून घेतली होती, पावतीवर मराठी नाव यावं म्हणून. केंद्रावरचा प्रोग्राम पायथॉनचा. पायथॉनची जेसन लिहिणारी प्रमाणित लायब्ररी वेगळं काही सांगितलं नाही तर देवनागरी अक्षरं जशीच्या तशी लिहीत नाही. प्रत्येक अक्षराच्या जागी उलटी तिरपी रेघ, एक रोमन अक्षर आणि चार अंकी संकेत लिहिते. म्हणजे एका चिन्हाला सहा अक्षरं. त्यात काना, मात्रा, वेलांटी ही वेगळी चिन्हं मोजली जातात. "सखाराम" हे आपल्याला चार अक्षरी वाटतं, पण संगणकासाठी त्यात स, ख, काना, र, काना, म अशी सहा चिन्हं आहेत. सहा सक छत्तीस. रोमन लिपीत तेच नाव आठ अक्षरांत बसत होतं. नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असं तिन्ही धरलं तर एकेक नोंद जवळजवळ सत्तर अक्षरांनी वाढली. पंचेचाळीस नोंदी मिळून पावणेसात हजार.

आपली माणसं आपल्या लिपीत नाव मागतात यात त्यांचं काहीच चुकत नाही. चार हजारांत सगळं मावेल असं गृहीत धरणाऱ्या आमचं चुकलं होतं. जेसन घेणारं पॅरामीटर एनव्हारचार मॅक्सच, म्हणजे चार हजारांची ही मर्यादा नसलेलंच असावं, दुसरा विचारच करू नये. पॅरामीटर मॅक्स केलं तरी आतल्या व्हेरिएबलकडे, म्हणजे मजकूर तात्पुरता ठेवायच्या जागेकडे लक्ष हवं. लांबी न लिहिता नुसतं एनव्हारचार जाहीर केलं तर त्यात एकच अक्षर मावतं, आणि कास्ट करताना, म्हणजे मूल्याचा प्रकार बदलताना, लांबी लिहिली नाही तर तीस अक्षरं. तुकडे जोडून जेसन बनवत असाल आणि त्यातला एकही तुकडा मॅक्स नसेल, तर जोडलेला मजकूरही ४००० वर कापला जातो, मग तो ज्या व्हेरिएबलमध्ये ठेवता ते मॅक्स असलं तरीही.

तपासणीतही एक चकवा आहे. मजकूर बघायला अनेक जण प्रिंट वापरतात. प्रिंट युनिकोड मजकूर ४००० अक्षरांपर्यंतच दाखवतं. त्यामुळे अख्खा मजकूरही कापलेला वाटतो आणि नसलेल्या चुकीचा शोध सुरू होतो. लांबी मोजा, नजरेवर विसंबू नका.

मराठी मजकुराचा आणखी एक घात इथेच होतो. प्रोसिजरमध्ये किंवा चाचणी करताना जेसन थेट अवतरणात लिहिलं आणि त्याच्या आधी एन हे अक्षर लावायचं राहिलं, तर देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. एरवी युनिकोड न घेणाऱ्या व्हारचार प्रकारच्या कॉलमातही तेच, २०१९ पासून आलेलं यूटीएफ-८ कोलेशन (अक्षरं साठवायची आणि ताडायची पद्धत) वापरलं नसेल तर. यात जेसन मोडत नाही. कंस, अवतरणं, स्वल्पविराम सगळं जागेवर राहतं, तपासणीत मजकूर पास होतो आणि टेबलात सभासदाचं नाव "??????" असं बसतं. एकदा असं साठवलं गेलं की त्यातून मूळ नाव परत मिळत नाही. दिसायला किरकोळ वाटणारी ही चूक मी सगळ्यात गंभीर मानते.

वाट चुकली तर डेटाबेस गप्प बसतो

मजकूर शुद्ध आहे हे ठरलं की दुसरा प्रश्न. हवी ती गोष्ट काढायला आपण वाट देतो. वाट डॉलरच्या चिन्हापासून सुरू होते: डॉलर म्हणजे अख्खा मजकूर, मग टिंब, मग की. पहिल्या नोंदीतले लिटर हवे असतील तर वाट अशी:

$."नोंदी"[0]."लिटर"

यादीत मोजणी शून्यापासून. कीमध्ये स्पेस, डॅश किंवा टिंब असेल तर ती दुहेरी अवतरणात घालावीच लागते, नाहीतर वाटच चुकीची लिहिली आहे असं सांगणारी १३६०७ ही एरर येते. ती एरर आली तर मजकुरात शोधत बसू नका. दोष तुमच्या वाटेत आहे.

त्रास होतो तो वाट नीट लिहिलेली असून मजकुरात तशी की नसते तेव्हा. एसक्यूएल सर्व्हर आपणहून वाट सैल पद्धतीने चालतो, तिला लॅक्स म्हणतात. सैल पद्धतीत की सापडली नाही तर एरर येत नाही, नल, म्हणजे "मूल्यच नाही" अशी खूण येते. लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा फरकही इथे मोजला जातो. डेटाबेस एरवी तो फरक करत नसला तरी जेसनच्या कीजच्या बाबतीत करतो. ॲप बनवणाऱ्याने नव्या आवृत्तीत पहिलं अक्षर मोठं केलं की त्या दिवसापासून कॉलमात नल.

आणि आता त्या रोमन लिपीचं कारण. "अ‍ॅ" हे अक्षर संगणकात दोन प्रकारे लिहिलं जातं: एकाच चिन्हात, किंवा अ आणि त्यावर चंद्र अशी दोन चिन्हं जोडून. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. पाठवणाऱ्याचा कीबोर्ड एका प्रकारचा आणि प्रोसिजर लिहिणाऱ्याचा दुसऱ्या प्रकारचा असेल तर दोन्ही कीज डेटाबेसच्या लेखी वेगळ्या. अर्धा र लिहिताना मध्ये बसणाऱ्या न दिसणाऱ्या जोडचिन्हाचंही तसंच. मूल्यं मराठीत असावीत, हवी तितकी असावीत. कीज रोमन, लहान अक्षरांत आणि स्पेसशिवाय असाव्यात.

नल येण्याचं दुसरं मोठं कारण म्हणजे चुकीचं फंक्शन. जेसन व्हॅल्यू हे एकटं मूल्य काढतं: संख्या, शब्द, हो किंवा नाही. जेसन क्वेरी हे ऑब्जेक्ट (महिरपी कंसातला जोड्यांचा संच) किंवा यादी काढतं. जेसन व्हॅल्यूला "नोंदी" मागितल्या, म्हणजे यादी मागितली, तर सैल पद्धतीत ते नल देतं. जेसन क्वेरीकडून "लिटर" मागितले तरी नल. शिवाय जेसन व्हॅल्यू जास्तीत जास्त ४००० अक्षरं परत करतं. मूल्य त्याहून लांब असेल तर तिथेही नल. तुकडासुद्धा मिळत नाही. लांब शेरा किंवा फोटोचा मजकूर काढायचा असेल तर ओपनजेसनमध्ये त्या कॉलमचा प्रकार मॅक्स ठेवून काढावा.

उपाय एका शब्दाचा आहे. वाटेच्या आधी स्ट्रिक्ट लिहा. मग की नसेल तर १३६०८, एकट्या मूल्याच्या जागी दुसरं काही निघालं तर १३६२३, असं डेटाबेस बोलू लागतो. सभासद क्रमांक, लिटर, फॅट, तारीख या गोष्टींशिवाय नोंदीला अर्थच नाही, तिथे मी नेहमी स्ट्रिक्ट लावते. शेरा, मोबाइल नंबर अशा ऐच्छिक गोष्टी सैल ठेवते. हे ठरवताना तांत्रिक ज्ञान फारसं लागत नाही. कोणती माहिती नसली तर चालेल हे सचिवांना विचारलं की उत्तर मिळतं.

नल का येतोय हेच कळत नसेल तर माझी आवडती युक्ती सांगते. ओपनजेसन कॉलमांची यादी न देता, नुसता मजकूर देऊन चालवा. ते प्रत्येक जोडीची एक ओळ देतं, आणि तीन कॉलम: की, मूल्य आणि प्रकार. प्रकार आकड्यात असतो: ० म्हणजे नल, १ शब्द, २ संख्या, ३ खरं-खोटं, ४ यादी, ५ ऑब्जेक्ट. आता "नोंदी" समोरचा आकडा बघा. ४ हवा. तिथे १ दिसला तर यादीचं जेसन कुणीतरी आधीच मजकुरात बदलून मग पुन्हा जेसनमध्ये गुंडाळलं आहे. आतल्या अवतरणांआधी उलट्या तिरप्या रेघा दिसतील. दोनदा गुंडाळलेलं दोनदा सोडवावं लागतं, किंवा खरं तर पाठवणाऱ्याला एकदाच गुंडाळायला सांगावं लागतं.

ओपनजेसनच अस्तित्वात नाही अशी एरर आली तर घाबरू नका. सर्व्हर नवा असला तरी डेटाबेस जुन्या आवृत्तीवरून आणलेला असेल तर त्याची कम्पॅटिबिलिटी पातळी, म्हणजे कुठल्या आवृत्तीसारखं वागायचं ते ठरवणारा आकडा, जुनीच राहते. ओपनजेसनला ती १३० किंवा जास्त लागते.

संख्या आणि तारखा

तिसऱ्या प्रश्नात पैशाचा संबंध येतो. डेसिमल हा प्रकार लांबी न देता लिहिला तर एसक्यूएल सर्व्हर तो अठरा अंकी आणि दशांश चिन्हानंतर शून्य घरं असा धरतो. साडेसहा लिटरचे सात लिटर होतात. एरर नाही. एका सभासदाला अर्धा लिटर जास्त, दुसऱ्याचे ३.४ चे तीन. दहा दिवसांच्या बिलात हे मिसळून जातं आणि मग गावात भांडण होतं. दशांशाची घरं स्पष्ट लिहा.

रिकामा मजकूर हा असाच एक. कीबोर्डवरून काही न भरता पुढे गेलं की ॲप दोन अवतरणं आणि मध्ये काहीच नाही असं पाठवतं. त्याचं पूर्णांकात रूपांतर केलं तर शून्य होतं, तारखेत केलं तर १ जानेवारी १९००. डेसिमलमध्ये करायला गेलं तर मात्र एरर. सभासद क्रमांक शून्य असलेल्या नोंदी दिसल्या तर इथे पाहा. रूपांतराआधी नलइफ लावून रिकाम्याचा नल करून घेणं बरं.

तारखेचा किस्सा तर प्रत्येकाने एकदा अनुभवलेला असतो. आपण ०५/०८ लिहिलं की ५ ऑगस्ट म्हणतो. सर्व्हरची भाषा अमेरिकन इंग्रजी असेल, आणि बहुतेक ठिकाणी तीच असते, तर मजकुराची साध्या कास्टने तारीख करताना तो ८ मे धरतो. महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांच्या नोंदी चुकीच्या महिन्यात मुकाट जातात. तेरा तारखेपासून एरर येऊ लागते, क्रमांक २४१, कारण तेरावा महिना नाही. लोक तेरा तारखेला काय बदललं ते शोधत बसतात, आणि दोष पहिल्या दिवसापासून असतो. जेसनमध्ये तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमानेच पाठवायची. पाठवणाऱ्याला बदलणं शक्यच नसेल तर कन्व्हर्ट या रूपांतराच्या फंक्शनला १०३ हा क्रमांक द्यायचा, मग तो आधी दिवस मग महिना असं वाचतो.

ट्राय कन्व्हर्टबद्दल एक सावधानता. ते एररऐवजी नल देतं, म्हणून लोक एरर "घालवायला" ते वापरतात. मी ते दोषी ओळी शोधायला वापरते: मूळ मजकूर नल नाही आणि रूपांतर नल आहे अशा ओळी काढल्या की नेमक्या चुकीच्या नोंदी समोर येतात.

एरर दिसली का नाही?

त्या गावाच्या वेळी १३६०९ खरंच आली होती. प्रोसिजरमध्ये ट्राय आणि कॅचची जोडी होती (ट्रायमध्ये चूक झाली की काम कॅचमध्ये जातं), कॅचमध्ये रोलबॅक, म्हणजे केलेलं मागे घेणं, आणि नुसतं रिटर्न, म्हणजे काही न सांगता परत फिरणं. ज्याने लिहिलं त्याचा हेतू चांगला होता, एका गावाच्या चुकीने सगळं अडू नये. पण बोलावणाऱ्या ॲपला काही कळलंच नाही, त्याने हिरवी खूण दाखवली आणि केंद्रावरचा मजकूर "पाठवला" म्हणून बाजूला टाकला. कॅचमध्ये शेवटी थ्रो, म्हणजे एरर बोलावणाऱ्याकडे पुढे पाठवणं, हवाच.

एरर टेबलात नोंदवत असाल तर क्रम बघा. रोलबॅकच्या आधी केलेली नोंद रोलबॅकबरोबर पुसली जाते. आधी रोलबॅक, मग नोंद, मग थ्रो. नोंदीत एररचा क्रमांक, संदेश, ओळ आणि मजकुराची लांबी असावी.

तपासणीच्या ओळीतही एक फट असते. इसजेसन शुद्ध मजकुराला १ आणि अशुद्धाला ० देतं, पण नल दिला तर नल देतं. "इसजेसन शून्य असेल तर थांब" अशी अट नलला अडवत नाही. पुढे ओपनजेसनला नल दिला तर तेही एरर न देता शून्य ओळी देतं. म्हणजे रिकामं पॅरामीटर आलं तरी सगळं यशस्वी. इझनलने नलचा शून्य करून मग अट लावा.

याच्याही वर आम्ही एक गोष्ट केली, ती दूध संस्थेच्या वहीतूनच घेतली. वहीत पानाखाली एकूण सभासद आणि एकूण लिटर लिहिलेले असतात. तेच दोन आकडे केंद्राने जेसनच्या सुरुवातीला पाठवायचे आणि प्रोसिजरने ओळी भरून झाल्यावर आपली बेरीज त्याच्याशी ताडून पाहायची. जुळलं नाही तर सगळं मागे घेऊन एरर. नल, गळती, सात लिटरचं गोलीकरण, सगळं या एका चाळणीत अडकतं.

उलट दिशेने

टेबलातून जेसन बनवून बाहेर पाठवतानाही मजकूर तुटतो. त्यासाठीच्या फॉर जेसन या आज्ञेचा निकाल लांब असेल तर सर्व्हर तो सुमारे दोन हजार अक्षरांच्या तुकड्यांत, अनेक ओळींत पाठवतो. ॲपने पहिलीच ओळ वाचली तर अर्धं जेसन मिळतं. प्रोसिजरच्या आत निकाल मॅक्स व्हेरिएबलमध्ये घ्यावा आणि ते व्हेरिएबल परत करावं. नल असलेल्या कीज फॉर जेसन गाळून टाकतं हेही ध्यानात असू द्या, त्या हव्या असतील तर तसं स्पष्ट सांगावं लागतं. आणि आत आधीच जेसन असलेला कॉलम जेसन क्वेरीत गुंडाळला नाही तर तो दुहेरी गुंडाळलेला बाहेर पडतो.

दुसरे डेटाबेस वापरणाऱ्यांसाठी थोडंसं. मायएसक्यूएलमध्ये जेसनमधला नल आणि डेटाबेसचा नल वेगळे असतात. जेसन एक्स्ट्रॅक्टने जेसनचा नल काढला तर "इझ नल" ही तपासणी त्याला पकडत नाही. तिथेच शब्द काढला तर अवतरणांसकट येतो, ती काढायला जेसन अनकोट लावावं लागतं. पोस्टग्रेस मुळातच कडक आहे, चुकीच्या ठिकाणी नेमका कुठला शब्द खटकला ते सांगतो. तिथे नेहमी येणारी अडचण म्हणजे एकच नोंद असेल तेव्हा पाठवणारा यादीऐवजी थेट ऑब्जेक्ट पाठवतो आणि यादी सोडवणारं फंक्शन ती घ्यायला नकार देतं. ओरॅकलचं जेसन व्हॅल्यू आपणहून एररच्या जागी नल देतं. तिथे "एरर ऑन एरर" हे शब्द लिहिल्याशिवाय खरं कारण समोर येत नाही.

आमच्या प्रोसिजरची पहिली पायरी आता वेगळी आहे. आलेला मजकूर जसाच्या तसा, एकही अक्षर न बदलता, वेळ आणि केंद्रासह एका टेबलात जातो. ती नोंद पक्की झाल्यावरच पुढचं काम सुरू होतं. नंतरच्या पावसाळ्यात एका केंद्राची सायंकाळची बॅच अडकली तेव्हा एररच्या टेबलात १३६०९ आणि स्थान लिहिलेलं होतं. त्या जागेच्या आसपासची साठ अक्षरं काढली, तर "लिटर" च्या पुढे ५.५, देवनागरी आकड्यांत. टॅबलेटचा कीबोर्ड कुणीतरी मराठी करून ठेवला होता आणि ॲप ते आकडे तसेच पाठवत होतं. साठवलेल्या मजकुराची प्रत काढून तेवढे आकडे बदलले, प्रोसिजर पुन्हा चालवली, एकूण लिटर वहीशी जुळले. तिथल्या सचिवांना फोन केला तेव्हा सकाळचं माप अजून सुरू व्हायचं होतं.